लांबी वाढली तेवढीच जाडी उरली

शास्त्रीय शोधनिबंधाचं रसग्रहण करण्याची आपल्याकडे रीत नाही. कवितेला, बंदिशीला, चित्राला जागोजागी थबकणारा रसिक मिळतो. शोधनिबंधाच्या वाट्याला येतो तो परीक्षक, आणि त्यानंतर आपल्या कामापुरतं उचलून पुढे जाणारा अभ्यासक. तरीही काही निबंधांतला युक्तिवाद वाचताना तोंडून आपसूक दाद जाते. एम. एम. जोगळेकर यांचा सप्टेंबर २०१४च्या ‘जर्नल ऑफ अप्लाइड मेकॅनिक्स’मधला निबंध माझ्या लेखी त्यांतला आहे. विजेने ताणल्या जाणाऱ्या रबरी पापुद्र्याचा तोल नेमका कधी सुटतो आणि तो क्षण ऊर्जेच्या जमाखर्चातून कसा पकडायचा, हा त्याचा विषय. लेखक रूडकीच्या आयआयटीत शिकवणारे. पण या विचाराचं माहेर आपल्या मुंबईच्या उपनगरांत, पवईला आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी तो पापुद्रा नीट पाहू. सिलिकोनचं किंवा ॲक्रिलिकचं मऊ रबर, जाडी काही दशक मायक्रॉन. दोन्ही अंगांना कार्बनयुक्त ग्रीसचा लेप, जो रबराबरोबर स्वतःही ताणला जातो. एका लेपाला धन आणि दुसऱ्याला ऋण टोक जोडून हजार-दोन हजार व्होल्ट दिले की दोन्ही लेप एकमेकांना ओढतात आणि मधलं रबर चेपलं जातं. रबराचं आकारमान बदलत नाही. जाडी घटली की त्याला पसरावंच लागतं. वीज काढली की पापुद्रा पूर्ववत. मोटर नाही, दातेरी चाक नाही, घासणारा एकही भाग नाही. याचं शास्त्रीय नाव डायइलेक्ट्रिक इलास्टोमर. विजेला हालचालीने उत्तर देणाऱ्या इलेक्ट्रोॲक्टिव्ह पॉलिमरांच्या कुळातलं हे सर्वांत दिलदार पात्र, असं मला वाटतं. कुळ मोठं आहे. त्यात आयनांच्या येण्याजाण्याने वाकणारी ओली पॉलिमरं आहेत, ज्यांना चार-पाच व्होल्टही पुरतात. हेइजी कवाई यांनी १९६९मध्ये ज्याची दाबविद्युत दाखवून दिली ते पीव्हीडीएफ आहे, जे दाबलं की वीज देतं. पण लांबी दुपटीच्या पुढे नेण्याची ऐपत या रबरी शाखेचीच.

तीही एकाएकी आलेली नाही. क्ष-किरणांच्या शोधाआधी पंधरा वर्षं, १८८०मध्ये, विल्हेल्म राँटगेन यांनी वजन टांगलेल्या रबरी पट्टीवर विद्युतभार सोडून ती लांबताना पाहिली होती. मग जवळपास शंभर वर्षं या निरीक्षणाला फारसं कुणी विचारलं नाही. २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनलमधले रॉन पेलराइन, रॉय कॉर्नब्लू आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं की आधीच ताणून धरलेलं रबर विजेने शंभर टक्क्यांहून अधिक लांबवता येतं. त्यांचं ॲक्रिलिक रबर म्हणजे उद्योगधंद्यात पत्रे चिकटवायला वापरतात ती व्हीएचबी चिकटपट्टी. त्यानंतर ‘कृत्रिम स्नायू’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. मार्च २००५मध्ये सॅन दिएगोत कृत्रिम स्नायूंवर चालणारे तीन यांत्रिक हात एका सतरा वर्षांच्या शाळकरी मुलीशी पंजा लढवायला उतरले. तिने पहिल्याला २६ सेकंदांत, दुसऱ्याला ४ आणि तिसऱ्याला ३ सेकंदांत आडवं केलं. ताणण्याची हौस आणि पेलण्याची ताकद यांतलं अंतर त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

या पापुद्र्याचा आणखी एक गुण सांगायलाच हवा. तो हलतो तसा सांगतोही. दोन लेपांमध्ये रबर म्हणजे कपॅसिटरच; पसरला की क्षेत्रफळ वाढतं, जाडी घटते, आणि धारिता लांबीच्या प्रमाणाच्या चौथ्या घातानं चढते. दोन्ही दिशांनी लांबी सव्वीस टक्क्यांनी वाढली, तर धारिता अडीचपट. म्हणजे स्वतः किती ताणला गेलो आहोत हे तोच पापुद्रा त्याच दोन तारांवरून कळवतो. स्नायू आणि मज्जातंतू एकाच कातडीत. पण याच चौथ्या घातात त्याचा घातही लपलेला आहे.

विजेचा दाब विद्युतक्षेत्राच्या वर्गानुसार वाढतो. व्होल्टेज तेच ठेवलं आणि पापुद्रा पातळ झाला, तर क्षेत्र वाढतं. क्षेत्र वाढलं की दाब वाढतो. दाब वाढला की पापुद्रा आणखी पातळ होतो. रबराची स्वतःची ओढ या शर्यतीत काही काळ टिकते. मग एका ठिकाणी ती मागे पडते, आणि पापुद्रा क्षणात इतका पातळ होतो की वीज आरपार ठिणगी मारून जाते. स्टार्क आणि गार्टन यांनी १९५५मध्येच पॉलिथिनच्या संदर्भात हे ओळखलं होतं. २००७मध्ये शुआन्ह चाओ आणि चिगांग स्वो यांनी इलास्टोमरसाठी याची नेटकी मांडणी केली. रबराचा सर्वांत साधा नियम, ज्याला निओ-हुकियन म्हणतात, तो धरला तर उत्तर सुटसुटीत आहे: व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं, तर मूळ लांबीच्या १.२६ पटीवर पापुद्र्याचा तोल जातो.

‘हळूहळू’ हा शब्द इथे कळीचा आहे. जोगळेकरांचा निबंध सुरू होतो तो हा शब्द काढून टाकून. बटण दाबलं आणि सगळं व्होल्टेज एकदम दिलं तर?

आता पवई. हा प्रश्न तिथल्या एका अगदी वेगळ्या वस्तूपाशी आधी विचारला गेला होता. सूक्ष्मयंत्रांत सिलिकॉनच्या केसाहून बारीक तुळया असतात. समोरच्या पृष्ठभागाशी व्होल्टेज लावलं की त्या तिकडे वाकतात, आणि अमुक मर्यादेपुढे सपकन जाऊन चिकटतात. याला पुल-इन म्हणतात. २०११च्या सुमारास जोगळेकर आणि डी. एन. पावसकर यांचे जे निबंध आयआयटी मुंबईच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातून आले, ते या तुळयांवरचे: त्या स्विच म्हणून वापरल्या तर उघडझाप व्हायला किती वेळ लागतो, रुंदी टोकाकडे बदलत नेली तर मर्यादा कशी सरकते, आकार कसा निवडला तर स्थिर आणि गतिक दोन्ही परिस्थितींत त्या जास्त अंतर निर्धोक चालतात. सपाट पट्ट्यांच्या अगदी साध्या नमुन्यात ही मर्यादा प्रसिद्ध आहे. व्होल्टेज सावकाश वाढवलं, तर मधल्या फटीचा एक तृतीयांश भाग ओलांडताच पट्टी कोसळते. एकदम दिलं, तर ती निम्म्यापर्यंत जाऊन परत येऊ शकते, मात्र कोसळायला आधीच्या ९२ टक्के व्होल्टेज पुरतं.

सिलिकॉनची कडक तुळई आणि रबराचा मऊ पापुद्रा यांत वरवर काहीच साम्य नाही. एक मायक्रॉनभर हलते, दुसरा दुप्पट होतो. एकीच्या पोटात हवेची फट, दुसऱ्याच्या पोटात रबरच. पण कडक तुळईजवळ कमावलेली नजर लेखकाने मऊ रबराकडे वळवली आणि दोघांच्या पडण्याची तऱ्हा एकच आहे हे ओळखलं. या निबंधातला मला भावलेला पहिला गुण हा. पवईच्या तलावाकाठी एका प्रश्नाने जो आकार घेतला, तो दुसऱ्या पदार्थात गेल्यावर अधिक देखणा झाला.

आता युक्तिवाद. बोरिवलीच्या मंडईत तानकाट्याला पिशवी अलगद टांगली तर काटा वजनावर जाऊन थांबतो. तीच पिशवी आकड्याला लावून एकदम सोडली तर काटा दुपटीपर्यंत धावतो, मग मागेपुढे झुलतो. पापुद्र्याचंही तसंच. एकदम व्होल्टेज मिळालं की तो आपल्या समतोलाच्या जागी थांबत नाही, वेगात पुढे निघून जातो. तो कुठपर्यंत जातो हे काढायची रूढ पद्धत अशी की गतीचं समीकरण लिहायचं, संगणकावर क्षणाक्षणाने पुढे सरकायचं, व्होल्टेज थोडं बदलून पुन्हा पहिल्यापासून. कोसळण्याच्या उंबरठ्याजवळ तर हे काम फार रेंगाळतं, कारण तिथे पापुद्राच रेंगाळतो.

जोगळेकर हा सगळा प्रवास सोडून देतात. झुल्याच्या टोकाला, म्हणजे सर्वाधिक ताणाच्या क्षणी, वेग शून्य असतो. तेवढा एकच क्षण ते घेतात. वेग शून्य, म्हणून गतिज ऊर्जा शून्य. सुरुवातीलाही ती शून्यच होती. म्हणजे या दोन थांब्यांच्या मध्ये विजेने जेवढं काम केलं ते सगळं रबरात ताण म्हणून साठलेलं असणार. एक समीकरण झालं. दुसरी अट उंबरठ्याची: व्होल्टेज वाढवत नेलं की हा टोकाचा ताण वाढत जातो, आणि ज्या व्होल्टेजला तो आवरेनासा होतो तोच शेवट. दोन अटी, एक वळण, आणि उत्तर हातात.

इथे काय गळून पडलं ते पाहण्यासारखं आहे. रबराची घनता गेली. पापुद्र्याची लांबी-रुंदी गेली. काळ तर पूर्णपणे गेला. गतीविषयीच्या प्रश्नाच्या उत्तरात वस्तुमानही उरलेलं नाही आणि सेकंदही नाहीत. शास्त्रातली लालित्याची माझी कल्पना हीच आहे. मांडणाऱ्याला ठाऊक असतं की काय न सांगता भागतं.

निबंधाचा निष्कर्ष असा की एकदम दिलेल्या व्होल्टेजखाली पापुद्रा (मूळ जाडीवरून मोजलेल्या) कमी विद्युतक्षेत्राला कोसळतो, आणि कोसळण्याआधी अधिक पातळ झालेला असतो. हे आकडे स्वतः काढून पाहण्याचा मोह मला आवरला नाही, आणि तिथे जे हाती लागलं त्यासाठीच हे लिहायला बसलो.

ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी, याला ‘ल’ म्हणू. सावकाश वाढवलेल्या व्होल्टेजचा शेवट जिथे होतो तिथे ल³ = २. एवढंच. दोनचं घनमूळ, १.२६. घनाची दुप्पट करायचा जो प्रश्न ग्रीकांना सतावत राहिला त्याचीच ही संख्या. आता एकदम दिलेल्या व्होल्टेजचं समीकरण सोडवायला घेतलं तर आधी ते सहाव्या घातापर्यंत जाऊन भिववतं; पण आवरत आणलं की उरतं: ल³ = ल² + १. दोन्ही शेजारी मांडून पाहा. पहिल्यात ल³ म्हणजे एक अधिक एक. दुसऱ्यात त्यातल्या एकाच्या जागी ल चा वर्ग येऊन बसला आहे. सावकाश आणि एकदम यांतला सगळा फरक त्या एका जागेत मावला. दुसऱ्याचं उत्तर १.४६५६.

जाडीकडे वळू. आकारमान कायम, म्हणून उरलेली जाडी म्हणजे १ भागिले ल². सावकाशीच्या समीकरणावरून ती ल च्या बरोबर निम्मी येते, ०.६३. एकदमच्या समीकरणावरून ती येते ल वजा १. म्हणजे लांबी १.४६५६ पट आणि जाडी ०.४६५६ पट, दशांशचिन्हापुढचे आकडे तेच. पापुद्र्याची लांबी जेवढ्या हिश्शाने वाढली, नेमक्या तेवढ्याच हिश्शाची जाडी त्याच्याकडे उरली आहे, आणि त्या क्षणी त्याचा निकाल लागतो. रबर, ग्रीस, ठिणगी असल्या ओबडधोबड सामानातून इतकं रेखीव काही बाहेर येईल असं कुणाला वाटलं असतं?

आणि ही १.४६५६ आपल्या ओळखीची आहे. नारायण पंडितांनी १३५६मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त गाईंचं एक उदाहरण आहे. गाय दर वर्षी एक वासरू देते, आणि प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून दर वर्षी एक वासरू देऊ लागते. तर एका गाईपासून वीस वर्षांत कळप केवढा? कळप वाढतो तो २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८ असा, आणि विसाव्या वर्षी २७४५ होतो. एकोणिसाव्या वर्षी तो १८७३ असतो. २७४५ भागिले १८७३ करून पाहा: १.४६५६. यंदाचा कळप म्हणजे गेल्या वर्षीचा कळप अधिक तीन वर्षांपूर्वीचा, या नियमातून जे समीकरण निघतं ते ल³ = ल² + १ हेच. गाईंचा आणि रबराचा काही संबंध नाही. तसा ओढून आणू नये. पण साडेसहाशे वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या वाटांनी गेलेली माणसं एकाच घनसमीकरणाच्या दारात उभी राहिली, याचा आनंद घ्यायला कुणाची हरकत नसावी.

आणखी एक बारकावा, तो मला सर्वांत नाट्यमय वाटतो. उंबरठ्याचं हे व्होल्टेज सावकाशीच्या मर्यादेच्या ९४ टक्के आहे. समजा ५० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा, त्याची कर्तनदृढता १०० किलोपास्कल आणि विद्युतशीलता निर्वाताच्या चौपट. हिशेब केला तर सावकाश मर्यादा सुमारे १८३० व्होल्ट येते आणि एकदमची १७२०. आता हेच १७२० व्होल्ट बेताबेताने चढवले, तर पापुद्रा १.१४ पटीवर जाऊन स्वस्थ बसतो. काहीही होत नाही. बटण दाबून दिले, तर तो १.१४वर न थांबता १.४६५६पर्यंत जातो. आणि ती जागाही समतोलाचीच असते, फक्त कड्याच्या माथ्यावरची. नेमक्या त्या व्होल्टेजला पापुद्रा सगळा वेग संपवून त्या माथ्याकडे सरकत राहतो, आणि गणितात त्याला तिथे पोचायला अनंत काळ लागतो. एक व्होल्ट कमी, तर परत फिरतो; एक जास्त, तर पलीकडे. संगणक उंबरठ्याजवळ का रेंगाळत होता त्याचं कारण हे.

उणिवा नाहीत असं नाही. खरं रबर ताणताना आतल्या आत ऊर्जा गिळतं. व्हीएचबी चिकटपट्टी तर या बाबतीत फारच खादाड. ऊर्जेचा हा जमाखर्च गळती शून्य धरतो. मात्र चूक सुरक्षित बाजूला आहे: एकदाच बटण दाबायचं असेल तर गळतीमुळे पापुद्रा कमीच पुढे जाईल, म्हणून या निबंधाचा आकडा पाळणाऱ्या अभियंत्याचं नुकसान होणार नाही. व्होल्टेज पुन्हा पुन्हा चालू-बंद होत असेल तर प्रश्न निराळा, आणि खऱ्या स्नायूला तेच करायचं असतं. दुसरं, मोठ्या ताणाला रबर कडक होत जातं हे निओ-हुकियन नियमाला माहीत नाही. लेखक त्यासाठी मूनी-रिव्हलिन आणि ऑग्डेन यांचे अधिक अवघड नियम घेतात, आणि पद्धत तिथेही चालते हे दाखवतात. निबंध कामाचा होतो तो या भागामुळे. पण सौंदर्य ओसरतं तेही इथेच. पदं वाढतात, आकडे तक्त्यांत जातात, आणि वाचक सराईतपणे पानं उलटू लागतो. ऊर्जेतून आलेले आकडे पुन्हा गतीच्या समीकरणातून पडताळून पाहण्याचा भाग मात्र मी मन लावून वाचला. जो प्रवास गाळला होता, तो एकदा प्रामाणिकपणे करून दाखवला आहे. प्रयोगाची साक्ष निबंधात नाही. दिलेली उदाहरणं प्रयोग करणाऱ्यांनी पुढे तपासावीत अशीच योजलेली आहेत. पुढच्याच वर्षी, २०१५मध्ये, लेखकाने दोन्ही दिशांनी आधीच ताण देऊन ठेवलेल्या पापुद्र्यासाठी हाच हिशेब स्वतंत्र निबंधात मांडला.

घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या शाळा-कॉलेजांतून दर वर्षी हजारो मुलं बारावीचं कलन शिकून बाहेर पडतात आणि कमाल-किमान काढायचं ते कशासाठी, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी एवढं करावं. पापुद्र्यात साठलेल्या ताणाच्या ऊर्जेला विजेच्या कामाने भागलं की हा अपूर्णांक मिळतो: (२ल² + १/ल⁴ − ३) भागिले (ल⁴ − १). ल² च्या जागी क्ष लिहा, वरखाली असलेला (क्ष − १) छाटा, आणि तो सर्वांत मोठा कुठे होतो ते काढा. माझं उत्तर वर दिलं आहे. ते तसंच मान्य करू नका, कागद-पेन्सिल घेऊन पडताळा.